स्टेलाइटचं लेझर क्लॅडिंग: काम चोख, पॅकिंग रामभरोसे

साखर कारखान्याच्या को-जनमध्ये (वीजनिर्मिती विभागात) टर्बाइन सांभाळणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. आमची वाफ ८७ किलो दाबाची, ५१५ अंशांची. एवढ्या उष्णतेत वाफ कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हचा स्पिंडल (दांडा) बुशमध्ये घासून खरवडतो, अडकायला लागतो आणि लोड वरखाली होतो. आजवर ऑफ सीझनला टिग वेल्डिंगने त्यावर स्टेलाइट, म्हणजे सहज न झिजणारा कठीण मिश्रधातू, भरून घ्यायचो. पण बारीक, लांब स्पिंडल त्या उष्णतेने वाकतो. शिवाय खालचं स्टील वितळून थरात मिसळतं, म्हणून पुरेसा हार्डनेस यायला दुसरा, कधी तिसरा थर द्यावा लागतो.

यंदा भोसरीच्या एका वर्कशॉपकडे हेच थर चढवायचं काम लेझरने (लेझर क्लॅडिंग) करायला दिलं. पावडर स्टेलाइट ६ ची, म्हणजे कोबाल्टमध्ये २८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि थोडं टंगस्टन. स्पिंडल फिरत राहतो, नोझलमधून आरगॉनबरोबर पावडर येते आणि लेझर तेवढाच ठिपका वितळवतो. खालचं स्टील थरात फारसं मिसळत नाही, त्यामुळे पहिल्याच थराला ४० एचआरसीच्या (रॉकवेल मापाच्या) वर हार्डनेस मिळाला. सेंटरवर धरून डायल लावला तर रनआउट (फिरताना दिसणारा वाकडेपणा) फक्त ०.०३ मिमी! टिगनंतर प्रेसवर सरळ करत बसायचो, ती कटकट गेली.

त्यांचा सुपरवायझर पक्का माणूस. "साहेब, मटेरियल कळल्याशिवाय मी हात लावणार नाही," म्हणाला. बारा टक्के क्रोमचं स्टील म्हटल्यावर आधी जॉब तापवून घेतला, कारण लेझरचा थर झटकन गार होतो आणि तडकतो. तरी डीपी टेस्टला (रंग लावून तडे शोधायच्या चाचणीत) थर संपतो त्या कडेला केसाएवढी लाल रेघ उठलीच. मी काही बोलायच्या आत त्याने तेवढा भाग काढून पुन्हा भरायला लावला. बिलात त्याचा एक रुपया नाही.

आता तक्रारी. फोनवर सांगितलेल्या दरात ग्राइंडिंग धरलेलं नव्हतं. स्टेलाइट घासायला वेळ लागतो, पैसे लागणारच, पण आधी सांगायला काय जातं? आणि पॅकिंग! एवढं नाजूक काम करून स्पिंडलचे आटे वर्तमानपत्रात गुंडाळले. पहिले दोन आटे चेपून आले, आमच्या फिटरने फाइल मारून ते बसते केले.

देणार असाल तर ड्रॉइंगवर थराची जाडी 'ग्राइंडिंगनंतर' असं लिहून द्या, आट्यांवर घालायला टोपण सोबत पाठवा, आणि गाळपाच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा तिथे रांग असते.