स्विफ्ट पेट्रोलला ईसीयू रीमॅप करून घेतला, माझा अनुभव

ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर, आणि रीमॅप म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरमधली सेटिंग बदलणं. गाडी २०१८ ची स्विफ्ट, १.२ पेट्रोल, कंपनीचा आकडा ताकद ८३ पीएस आणि टॉर्क (ओढ) ११३ एनएम. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नाही, त्यामुळे इंजिन स्वतः ओढेल तेवढीच हवा, आणि नुसत्या सॉफ्टवेअरने हवा वाढत नाही हे आधी समजून घ्या. टर्बोवाल्या गाडीत बूस्ट, म्हणजे त्या हवेचा दाब, वाढवला की एकदम फरक पडतो, आपल्याकडे इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडते), फ्युएलिंग (पेट्रोल किती जातं) आणि थ्रॉटलचा रिस्पॉन्स (पेडल दाबल्यावर इंजिन किती पटकन ऐकतं) एवढंच हातात असतं, म्हणून ताकद ५ ते १० टक्के वाढली तरी खूप.

पुण्यातल्या एका ट्युनरकडे १६ हजार दिले, काम तीन तासात झालं. पोरं चांगली आहेत, ओरिजिनल फाईलचा बॅकअप मला पेनड्राईव्हवर दिला, हे मला खरंच आवडलं. पण डायनोचा (गाडीची ताकद मोजणारं मशीन) प्रिंट मागितला तर मशीनच नाही म्हणाले, मग "१० बीएचपी वाढले" हे कशावरून सांगता? हे मला अजिबात पटलं नाही.

खंबाटकी घाटात चार माणसं आणि एसी लावून गेलो, तिसऱ्या गिअरमध्ये आधी जीव जायचा तो आता कमी जातो, पाय ठेवला की गाडी लगेच उचलते. टॉपला मात्र फारसा फरक नाही. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल टाकायला सांगितलंय, तो खर्च वेगळा.

वॉरंटी चालू असेल तर नका करू. आणि आधी स्पार्क प्लग, एअर फिल्टर, टायरची हवा बघा, माझ्या मित्राच्या गाडीचा अर्धा आळस तिथेच गेला.