मालवणात ‘स्कूबा’ म्हणून काय विकलं जातं

मालवणच्या जेटीवर पोचण्याआधीच एजंट गाठतो. ‘स्कूबा घ्या, व्हिडिओ फ्री, पोहता येत नसलं तरी चालेल, वर सर्टिफिकेटपण मिळेल.’ स्कूबा म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा घेत पाण्याखाली पोहणं. पैसे आधी घेतले जातात, पावती मिळत नाही.

होडी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी थांबते. पाठीवर सिलिंडर चढतच नाही. तो होडीतच राहतो आणि लांब नळीच्या टोकाचा रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं तोंडातलं यंत्र, तोंडात येतो. गाइड धरून दहा-बारा फूट खाली नेतो, पाव टाकून मासे जमवतो, फोटो काढतो, वर आणतो. दहा मिनिटांत कारभार आटोपतो. ही नुसती बुडी आहे, आणि तसं सांगून विकली तर मजेचीच आहे. पण तिला डायव्हिंग म्हणणं ही फसवणूक झाली. ‘ओपन वॉटर’ या डायव्हिंगच्या पहिल्या प्रमाणपत्राला थिअरी, उथळ पाण्यातला सराव आणि खुल्या समुद्रात चार डाइव्ह लागतात. दहा मिनिटांच्या कागदाला जगात कुठेही किंमत नाही.

पैशापेक्षा जिवाचा प्रश्न मोठा. खाली असताना श्वास रोखून चार-पाच फूट वर आलं तरी फुफ्फुसाला इजा होऊ शकते. कान तर सात-आठ फुटांवरच दुखू लागतात. नाक दाबून हलकेच कानांकडे हवा ढकलायची, तरीही दुखलं तर थोडं वर यायचं. एवढं होडीवर शिकवायला पाच मिनिटं पुरतात, तीही वाचवतात. त्यात हवेचा दाब दाखवणारा गेज होडीत, म्हणजे सिलिंडरमध्ये किती उरलं ते तुम्हाला दिसत नाही.

म्हणून पाण्यात उतरण्याआधी गेज मागा. भरलेला सिलिंडर २०० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास दाखवतो. काट्याकडे बघत चार मोठे श्वास घ्या. दर श्वासाला काटा झुकून परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे: वर हवा पुरते, खाली अपुरी पडते. हवेला तेलाचा वास आला तर सरळ नकार द्या. दमा, फिट्स, कानाचं दुखणं विचारणारा फॉर्म नसेल तरीही परत फिरा.

हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. ‘फोटोसाठी प्रवाळ धरा’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि तुटलेला भाग वाढायला वर्षं लागतात.

परतीचं विमान कधी आहे, हे एजंट विचारत नाही. एका डाइव्हनंतरही किमान १२ तास विमानात बसू नये, अशी डायव्हिंगमधली शिफारस आहे. संध्याकाळी गोव्याच्या मोपा विमानतळाहून उडायचं असेल तर सकाळची बुकिंग घेऊ नका.