ऑस्कर, चार फुटी टाकी आणि तो हीटर: १६ महिन्यांनंतर

मागच्या रविवारी माशाच्या टाकीत बोट घातलं आणि झिणझिण्या आल्या. हीटरची काच तडकलेली, आत पाणी, आणि आमचा वाघ्या (टायगर ऑस्कर जातीचा मासा, आता ११ इंची) कोपऱ्यात काळा पडून उभा. मेन स्विच पाडला तेव्हा जीव भांड्यात पडला. घरात ईएलसीबी (करंट गळाला की वीज आपोआप तोडते ती) नसेल तर टाकीच्या आधी ती बसवा, मी आता बसवतोय. टाकी-फिल्टरच्या मापांत फार शिरत नाही, मी हीटरवरच बोलणार कारण माझं डोकं त्यानेच खाल्लंय.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये दोन इंचाचं पिल्लू आणलं तेव्हा दुकानदाराने बिलात ६५० चा हीटर घुसवला. जळगावात हीटर! मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तिथे माशाला गरम पाणी? म्हटलं भो, येडा समजतो का. तो म्हणे राहू द्या, लागंल. चार महिने तो डबा फ्रीजवर पडून होता आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो, बघा कसं फसवतात. दोन फुटी टाकी चालेल असंही तोच म्हणत होता, ते ऐकलं नाही, ४ बाय दीड बाय दीडच घेतली, म्हणजे २५० लिटरच्या आसपास. ते एक बरं केलं, कारण सुरुवातीला पोरगं महिन्याला इंचभर वाढत होतं.

मग डिसेंबर आला. शेतात भरीत पार्टी करून रात्री घरी आलो, बाहेर दहाच्या खाली, टाकीचं पाणी १९ वर. ऑस्कर ॲमेझॉनकडचा मासा, त्याला २४ ते २८ लागतं. दोन दिवस दाणा तोंडात घेऊन थुंकत होता आणि आता पंखांवर रव्यासारखे पांढरे ठिपके. गुपचूप फ्रीजवरचा डबा काढला. हळूहळू करत ३० पर्यंत नेलं, मीठ टाकलं, हवेचा दुसरा पंप लावला कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. दहा-बारा दिवसांत ठिपके गेले. दुकानदाराला जाऊन सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही.

बिलाचं म्हणाल तर २०० वॉट, सलग दहा तास चालला तर २ युनिट. सलग चालत नाही, थर्मोस्टॅट बंद करतो, पण मी रात्री उठून लाल दिवा चालू की बंद ते बघत बसायचो. माय म्हणे, "हाऊ मासा नै शे, घरना जवाई शे."

उन्हाळ्यात उलटं. झाकणाच्या जागी जाळी (हा मासा उडी मारतो), वर टेबल फॅन, गोठवलेल्या बाटल्या, आणि लाईट गेली की बॅटरीवाला पंप. त्यात आमच्याकडे नळ एक दिवसाआड, तरी दर रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदलतोच, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवून. हा खातो तसा घाणही करतो आणि पाणी खराब राहिलं की डोक्याला खड्डे पडतात, मित्राच्या ऑस्करला पडले, दीड वर्षात गेला. नीट ठेवला तर दहा-बारा वर्षं सहज, काही त्याहून जास्त. पोरगी आता सहावीत आहे, तिचं कॉलेज होईस्तोवर मला पाणी उपसायचंय. आधी मीपण जिवंत गोल्डफिश टाकून व्हिडिओ काढले, पण ते रोग घेऊन येतात, आता पेलेट (तयार दाणा) आणि कधीमधी कोळंबी. आणि ॲलिगेटर गार माशाचं सहा इंची पिल्लू दाखवून कोणी भुरळ घातली तर सरळ चालू पडा, तो सहा फुटांच्या वर जातो आणि पन्नास वर्षं जगू शकतो, मग काय गिरणा नदीत सोडणार? अजिबात सोडायचा नाही.

तर हीटर. वाघ्या रात्री त्याला टकाटक धडका द्यायचा, ते मी रोज ऐकलंय, म्हणून सोमवारी तुकडे पिशवीत घालून दुकानात गेलो. तो म्हणे, माशाने फोडलं ते वॉरंटीत नाही. मी म्हटलं, माशाच्या टाकीतच लावायचा ना, का बादलीत? अर्धा तास वाजलं. मग त्याने शांतपणे विचारलं, साहेब, पाणी काढताना प्लग काढला होता का? हीटर पाण्याबाहेर उघडा पडला, तापला आणि वरून गार पाणी पडलं की काच जाते.

मी म्हटलं, काढला असेल.

घरी बायकोला विचारलं. ती म्हणे लाल दिवा चालू होता, मला वाटलं तुम्हाला माहितीये.

म्हणजे हीटरला देणार होतो एक स्टार, आता चार देतो. एक कापला कारण डब्यावर ही सूचना इतक्या बारीक अक्षरात आहे की भिंग लागतं. परत त्याच दुकानातून ९५० चा घेतला, प्लास्टिकची जाळी असलेला. काचेला चिकटवायचे दोन रबरी कप त्याने फुकट दिले, त्यातला एक वाघ्याने काल रात्रीच उपटला.