लॉजवरच्या नव्या पोरींना सफाईचं ट्रेनिंग: पैसे वसूल

मे महिन्याच्या गर्दीआधी आमच्या मालवणच्या लॉजवर नव्या पोरींना शिकवायला कुडाळहून एक बाई बोलावल्या. काम चोख! अ‍ॅसिडवाला टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच कधीच एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो, हे त्यांनी सगळ्यात आधी पक्कं करून घेतलं. लाल फडकं फक्त संडासाला, बेसिनला वेगळं. क्लीनर टाकल्यावर लगेच घासायचं नाही, बाटलीवर लिहिलेला वेळ थांबायचं. लादी आतून दाराकडे, मागे सरकत पुसायची. पण तांबडी माती आधी सुकी झाडून काढायची, नाहीतर नुसता चिखल होतो. हे प्रत्येकीकडून करून घेतलं. पावसाळ्यातल्या बुरशीचं मात्र घाईत उरकलं, तिथे अजून वेळ द्यायला हवा होता. तरी लॉजवाल्यांनो, सीझनआधी जरूर बोलवा.