स्पीकरची तार: थेट जोडावी की बनाना प्लग लावून?

ऐरोलीच्या आमच्या सोसायटीतले एक काका नवा अ‍ॅम्प्लिफायर आणून या प्रश्नावर अडले आहेत. बनाना प्लग म्हणजे तारेच्या टोकाला बसवायची धातूची खुंटी, जी अ‍ॅम्प्लिफायरच्या किंवा स्पीकरच्या भोकात नुसती खोचायची. आवाजापुरते बोलायचे तर पकड घट्ट असताना दोन्हींत कानाला कळेल असा फरक नसतो. प्लगवरच्या सोन्याच्या मुलाम्याचा उपयोगही गंज टाळण्यापुरताच, कारण सोन्यातून वीज तांब्याइतकी सहज वाहत नाही. खर्चात उघडी तार अर्थातच जिंकते. खरा प्रश्न टिकाऊपणाचा आहे. खाडीकाठच्या दमट हवेत उघडे तांबे काळवंडते. माझ्याकडे दोन पावसाळ्यांनंतर डावा स्पीकर खरखरू लागला, तेव्हा तारेचे टोक तपकिरी पडलेले दिसले आणि अर्धा इंच कापून नवे टोक सोलताच खरखर थांबली. त्याहून धोक्याचा तो केसाएवढा सुटलेला धागा, जो शेजारच्या टर्मिनलला, म्हणजे दुसरी तार जोडायच्या जागेला, टेकला तर शॉर्ट होऊन अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. ४ मिलिमीटरचा बनाना प्लग नीट बसवला तर हे टळते, मात्र त्यातला स्क्रू सैल राहिला तर दोष प्लगच्या आत लपून बसतो. स्पीकर भिंतीवर एकदाच बसवायचे असतील, तर तार थेट जोडून दर पावसाळ्यानंतर टोके तपासावीत. साफसफाईसाठी वारंवार काढ-घाल होत असेल, किंवा कपाटामागे हात जेमतेम पोहोचत असेल, तर प्लगच घ्यावेत. काकांचे कपाट भिंतीला चिकटून आहे.