बायबल आणि जमीन: कॅम्पातल्या वाचनवर्गाबद्दल

बेळगावच्या कॅम्पातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी बायबल आणि पर्यावरण असा वाचनवर्ग चालतो, त्याची एक बॅच नुकतीच संपली. मी आणि माझे मामा दोघं जाऊन आलो, मामांची शेती खानापूर तालुक्यात. बरेच जण विचारायलेत कसा होता म्हणून सविस्तर लिहिते. जावं, नक्की जावं, आणि शेती करणारं कुणीतरी सोबत घेऊन जावं, कारण यातलं निम्मं शेतकऱ्यालाच आधी कळतं आणि मग तो आपल्याला समजावून सांगतो.

आधी सोयीचं सांगते. फी नाही, शेवटी डबा फिरतो, जमेल ते घालायचं. चहा स्टीलच्या पेल्यात, प्लास्टिकचा कप कुठं दिसला नाही. फादर मराठीत बोलतात, मध्येच कोकणी, कुणी कन्नडमध्ये विचारलं तर उत्तर कन्नडमध्ये. आपल्या बेळगावात दुसरं काय असणार. ख्रिस्ती नसलेले पण तीन-चार जण यायचे, कुणी त्यांना वेगळं वागवलं नाही.

मला आवडलं ते म्हणजे सुरुवातच आरोपापासून केली. 1967 साली लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकारानं सायन्स या साप्ताहिकात लेख लिहून सरळ म्हटलं होतं की आजच्या पर्यावरणाच्या संकटाची मुळं पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत, माणूस सगळ्या सृष्टीचा मालक असं मनात बसल्यामुळं हे झालं. उत्पत्ती या बायबलातल्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन, पृथ्वी सत्तेखाली आणा, सगळ्या प्राण्यांवर धनीपण करा, ते आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. फादरनी ते झाकलं नाही, उलट मोठ्यानं वाचायला लावलं. मग म्हणाले आता पान उलटा. दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवलंय ते मशागत करायला आणि राखण करायला. नवव्या अध्यायात जलप्रलयानंतर देव करार करतो तो नोहाशी आणि त्याच्या वंशाशी तर करतोच, खरं गुरं, पाखरं, रानातली जनावरं यांच्याशी पण करतो. हे वचन मी किती वेळा ऐकलं असेल, जनावरं करारात आहेत हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. आणि 104 वं स्तोत्र, त्यात रात्र सिंहाची आहे, सूर्य उगवला की सिंह गुहेत जातो आणि मग माणूस कामाला बाहेर पडतो. मामा लगेच बोलले, आमच्याकडं रात्री गवे येतात भातात, म्हणजे रात्र त्यांची हे देवानं आधीच ठरवून दिलंय की. भीमगड अभयारण्याच्या बाजूच्या गावातली दोघं मागं बसली होती, त्यांनी मान हलवली, त्यानंतर नुकसानभरपाई, कुंपण, रानातलं पाणी यावर जी चर्चा झाली ती कुठल्या सेमिनारात पण झाली नसती.

खरा जीव ज्यात आहे तो भाग म्हणजे लेवीय आणि अनुवाद, बायबलातली नियमांची दोन जुनी पुस्तकं. आम्ही चर्चमध्ये ही पुस्तकं फारशी वाचत नाही, कायदेकानून म्हणून सोडून देतो. अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात एकच ओळ आहे, मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी घालू नये. हॉलमधल्या कॉलेजच्या पोरांना मुसकी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मामा उठले आणि हातानं दाखवलं, दोरीची जाळी अशी विणायची, बैलाच्या तोंडाला अशी अडकवायची, म्हणजे खळ्यावर फिरताना कणसात तोंड घालत नाही. म्हणाले आमचे आजोबा घालायचे मुसकी, आणि आजी ओरडायची, राबतोय त्याला दोन घास खाऊ द्या. मळणी मशीन आल्यापासून तो वाद मिटला कारण बैलच नाहीत. कुणी काही बोललं नाही थोडा वेळ.

मग सरवा, म्हणजे कापणीनंतर रानात राहिलेलं धान्य. लेवीय एकोणिसाव्या अध्यायात आहे, शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नका, खाली पडलेलं वेचू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या. रूथ तशीच जगली, मवाबातून आलेली विधवा, परकी बाई, बेथलेहेमात बवाजाच्या शेतात सरवा वेचून सासूला आणि स्वतःला पोसलं, आणि तीच पुढं दाविद राजाची पणजी. शेंगा काढून झाल्यावर, भात कापून झाल्यावर आपल्याकडच्या बायका पण अशाच रानात जायच्या, माझी आई सांगायची. पर्यावरण म्हटलं की आपण झाड, वाघ, नदी बोलतो, शेताच्या कडेला कुणाचं पोट भरतंय हे त्यात धरतच नाही. या वर्गात ते धरलं आणि त्यासाठीच मी हे लिहायलेय.

सातव्या वर्षी जमीन पड ठेवायची हे पण त्यातच येतं, लेवीय पंचवीस. इस्राएलमध्ये ते अजून पाळणारे आहेत, 2021-22 हे तसं वर्ष होतं, पुढचं 2028-29. पुढचा अध्याय जास्त कडक आहे, तुम्ही जमिनीला सुट्टी दिली नाही तर तुम्हाला देशाबाहेर जावं लागेल आणि मग ती आपली राहिलेली सुट्टी भोगेल. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात शेवटी तेच लिहिलंय, यहुदी लोक बाबेलच्या बंदिवासात होते ती सत्तर वर्षं जमीन विसावा घेत होती. रायबागकडचे एक काका होते, उसाचा खोडव्यावर खोडवा आणि पाटाचं पाणी, कृष्णाकाठची जमीन कशी क्षारपड होत गेली ते त्यांनी सांगितलं. म्हणाले आम्ही सुट्टी दिली नाही, तिनं घेतली. त्यांचा आवाज बसला होता बोलताना.

यहुदी बाजू वेगळी मांडली हे मला फार महत्त्वाचं वाटलं, नाहीतर आपल्याकडं जुना करार, म्हणजे बायबलाचा यहुदींचा जुना भाग, ही नव्या कराराची, येशूनंतरच्या भागाची, प्रस्तावना एवढंच समजतात. बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे यहुदी, कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे, म्हणजे शब्बाथ, यहुदींचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, आपल्या मराठी मुलखात शेकडो वर्षं पाळला गेलाय. अनुवादाच्या विसाव्या अध्यायात वेढा घातला तरी फळझाडं तोडू नका असं आहे. यहुदी धर्मगुरूंनी त्याचा अर्थ वाढवत नेला, बाराव्या शतकातल्या मायमोनिदीसनं लिहिलंय की जो भांडी फोडतो, कपडे फाडतो, अन्न नासतो, झरा बुजवतो तो पण हीच आज्ञा मोडतो. झरा बुजवणं ऐकल्यावर मला आपल्या शहरातल्या विहिरी आठवल्या, किती बुजवल्या आणि किती कचऱ्यानं भरल्या. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली टिळकवाडीची विहीर तरी राहिली. मी हे बोलून दाखवलं तर पुढच्या गुरुवारी दोघी-तिघी आपापल्या वाड्यातल्या विहिरींचे फोटो घेऊन आल्या.

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट त्यांनी इतक्या ताकदीनं घेतली की सांगता सोय नाही. राजा अहाबाला भाजीच्या बागेसाठी वाडवडिलांची जमीन हवी, चांगली किंमत देतो म्हणतो, बदल्यात दुसरा मळा देतो म्हणतो, नाबोथ नाही म्हणतो, शेवटी खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी मारतात. आपल्या बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासला सुपीक जमिनी जातात म्हणून आपले शेतकरी किती वर्षं कोर्टात भांडले ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं ही गोष्ट कुणाला वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

आता तक्रारी. नवा करार एका संध्याकाळीत उरकला. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय, सगळी सृष्टी प्रसूतीच्या वेदनांनी कण्हते आहे, यावर निदान तासभर हवा होता, दहा मिनिटांत पुढं गेले. पोप फ्रान्सिस यांच्या 2015 च्या पर्यावरणावरच्या लाउदातो सी पत्राचा नुसता उल्लेख झाला, ते पत्र गरीब आणि पृथ्वी यांचं कण्हणं एकत्र ऐकायला सांगतं, म्हणजे सरव्याच्या धड्याला ते नेमकं जोडता आलं असतं. योनाच्या पुस्तकाच्या शेवटच्या वचनात देव निनवे शहरातल्या एक लाख वीस हजारांहून जास्त माणसांबरोबर गुराढोरांची पण काळजी करतो, ते राहूनच गेलं, मी विचारल्यावर पुढच्या बॅचला घेतो म्हणाले. शेवटचा दिवस रोपवाटपात गेला, रोपं वाईट नाहीत, खरं इतकं सगळं वाचून झाल्यावर हातात एक रोप देऊन फोटो काढणं मला कमी वाटलं. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एखादी विहीर उपसायची ठरवली असती तर मामा गावाहून आणखी माणसं घेऊन आले असते.

आणि हँडआउट इंग्रजीत होते. मामांसारखी माणसं वर्गातलं सगळ्यात मोलाचं बोलली आणि त्यांनाच कागद वाचता येईना. मराठी पवित्र शास्त्र घरोघरी आहे, वचनांची यादी मराठीत छापायला कितीसा खर्च. फादरना सांगितलंय, ऐकतील असं वाटतंय. पुढची बॅच भाताची सुगी संपल्यावर आहे म्हणतात, चर्चच्या गेटवरच्या बोर्डावर तारीख लागेल, साडेसहाला सुरू होतं, खानापूरकडच्यांनी परतीची बस आधी बघून ठेवा.