वांगी-टोमॅटोला परसातला वाफा की पिशवी?

भात खळ्यावर आलं आणि सकाळी गवतावर दव दिसू लागलं, की कोकणात भाजीचा हंगाम सुरू होतो. घाटावर याच दिवसांत थंडीची धास्ती असते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचं दर वर्षी ऐकू येतं. आपल्याकडे हिम पडत नाही. पावसाळाभर चिखलात बसलेलं परस नेमकं आता हाताशी येतं, आणि मग रोपं कुठे लावायची हा प्रश्न येतो. गुहागरजवळ घरी मी सहा हंगाम जमिनीत वाफे केले आणि गेले चार हंगाम पिशव्यांत माती भरून त्यात रोपं लावतो आहे. त्यावरून सांगतो.

पालेभाजीबद्दल फार बोलण्याची गरज नाही. लाल माठ, मुळा, मोहरी जमिनीतच पेरा. वाल अंगओलाव्यावर, म्हणजे जमिनीत उरलेल्या ओलीवर येतो, कोकण सदाबहार चवळीही वाफ्यात छान होते. निवड करायची ती वांगी, टोमॅटो आणि मिरचीसाठी.

वाफ्याची बाजू भक्कम आहे. शेणखत, चुलीतली राख, वर पालापाचोळ्याचं आच्छादन, एवढ्यावर काम भागतं. जांभ्याच्या मातीत पाणी टिकत नाही हे खरं, पण मूळ एकदा खाली गेलं की दिवसाआड शिंपणंही चालतं. चार दिवस गावाबाहेर गेलात तरी झाड तग धरतं. आणि वाफ्यातलं वांग्याचं झाड नीट जगलं, तर उन्हाळ्यात छाटून पुन्हा फुटवता येतं. पिशवीत एवढं दणकट झाड मला अजून करता आलेलं नाही.

अडचण त्या ‘जगलं तर’मध्येच आहे. वाफ्यावरून माझं मन उडालं ते मर रोगामुळे.

डिसेंबरात झाडाला पहिली वांगी लागतात. एके दुपारी पानं मान टाकतात, संध्याकाळी पुन्हा उभी राहतात. आई म्हणायची, “पाणी कमी पडतंय रे, घाल अजून.” मी घालायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी झाड कायमचं लोळलेलं, आणि पानं मात्र अजून हिरवीगार. त्याच सरीतलं पुढचं झाड आठवड्याने, मग त्याच्या पुढचं. एका वर्षी 24 रोपांपैकी 17 गेली, तीही फळं धरल्यावर. दोन महिने शिंपून, कीड वेचून, काठ्या बांधून वाढवलेलं झाड असं उपटताना जीव तुटतो.

हा रोग राल्स्टोनिया नावाच्या जीवाणूचा. तो मातीत वर्षानुवर्षं राहतो, मुळातून शिरतो आणि खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करतो. म्हणजे पाणी असूनही झाड तहानेने मरतं, आणि आपण घातलेलं जादा पाणी रोग पुढच्या झाडाकडे नेतं. ओळखायची रीत सोपी आहे. बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात नुसता टोक बुडेल असा धरायचा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी तार खाली उतरली, तर तोच. बुरशीच्या मरीत अशी तार दिसत नाही, आणि पानं सहसा आधी पिवळी पडतात. या जीवाणूला उबदार, ओलसर जमीन मानवते, आणि आपली जमीन भर हिवाळ्यातही फारशी गार होत नाही. हिम पडत नाही याचं सुख आपल्यासारखंच त्यालाही आहे.

मी चुना टाकला, वाफ्यांची जागा बदलली, ट्रायकोडर्माही घातला. तो मुळात बुरशीवरचा उपाय, त्यामुळे माझ्याकडे फरक दिसला नाही. भाताच्या खाचरात, जिथे पावसाळाभर पाणी उभं असतं, तिथे केलेल्या वाफ्यात मर बरीच कमी होती. पण आमचं खाचर घरापासून लांब आहे, आणि कापणीनंतर गुरं मोकाट सुटतात. वई, म्हणजे कुंपण, कितीही नीट घातली तरी एका रात्रीत सगळं साफ होतं. ज्यांचं खाचर दारातच आहे, त्यांनी पिशव्यांच्या भानगडीत कदाचित पडू नये.

पिशव्यांचं पहिलं वर्ष माझं वाया गेलं, कारण माती त्याच परसातली भरली. रोगही सोबत आला. दुसऱ्या वर्षी जिथे कधी वांगी, टोमॅटो, मिरची लावली नव्हती अशा आंब्याखालची माती, तेवढंच कुजलेलं शेणखत आणि तळाला नारळाची सोडणं अशी भरणी केली. सोडणं पाणी धरून ठेवतात. तेव्हापासून एखाद्‌दुसरं झाड गेलं, पण ती पिशवी उचलून दूर नेली की शेजारची सुरक्षित. वाफ्यात हे शक्य नव्हतं.

पिशवीचा त्रास नाही असं नाही. फेब्रुवारीपासून दोन वेळा पाणी, एक वेळ चुकली तर टोमॅटोची फुलं गळतात. उन्हाने पिशवी तिसऱ्या वर्षी फाटते. वानरं वाफ्यात येतात तशीच गच्चीवरही येतात, म्हणून मी पिशव्या मागच्या पडवीसमोर ठेवतो, जिथे दिवसभर माणसांचा वावर असतो.

टोमॅटोसाठी जमिनीचाच हट्ट असेल तर बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ लावून बघा. तो या मरीपुढे बराच टिकतो. संकरित असल्याने बी मात्र दर वर्षी नवं घ्यावं लागतं. आईने वर्षानुवर्षं राखलेल्या घरच्या वांग्याला असा पर्याय मला मिळाला नाही, आणि ते बी मला सोडायचं नाही. यंदा त्याची 20 रोपं पिशव्यांत गेली आहेत. वाफ्यात मुळा टाकला आहे.